ओल्या चादरींचा वारा

थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. तयारी एका बाळाची होती आणि मुली दोन आल्या. त्यामुळे घरात टोपडी अपुरी, दुपटी अपुरी, आणि माणसं तर त्याहून अपुरी. थोरलीची लाँड्री होती. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्याकडे धुवायला यायचं. इस्पितळ काही जुळ्यांसाठी थांबणार नव्हतं. म्हणून तिनं धाकटीला बोलावून घेतलं. धाकटी आली ती थोड्या दिवसांसाठी म्हणून, एक पिशवी घेऊन.

आली त्याच आठवड्यात तिची एक चादर पळाली.

दुपारी वारा सुटला, आभाळ एकाएकी भरून आलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. धाकटी धावत चिमटे काढत होती, तेवढ्यात एक चादर हातातून निसटली, तारेच्या कुंपणावरून उडाली आणि शेजारच्या मोकळ्या आवारात एका पांढऱ्या लाकडी पेटीवर जाऊन बसली. पेटी चार पायांवर उभी होती, छातीएवढी उंच, चारही बाजूंना झडपा असलेली. चादर तिच्यावर अशी नीट बसली, की कुणी पेटीला थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घातलंय असं वाटावं.

आवारातल्या छोट्या कचेरीतून एक तरुण पळत आला. हातात छत्री होती, पण उघडायची विसरला होता. त्यानं चादर उचलली, झटकली आणि कुंपणाशी आला.

"तुमची?"

"इस्पितळाची. मी फक्त सांभाळते."

"दिसलं, कशी सांभाळता ते."

धाकटीनं चादर ओढून घेतली. "तुमच्या कोंबड्यांना लागलं नाही ना काही?"

"कोंबड्या?"

"ते खुराडंच आहे ना?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ही वेधशाळा आहे," तो म्हणाला. "पेटीत थर्मामीटर असतात. रोज वाचायचे असतात. माझ्या आधी माझे बाबा वाचायचे, तीस वर्षं."

"आणि एवढं वाचून पाऊस येणार हे कळलं नाही?"

तो हसला. केसांतून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "पडून गेला की किती पडला ते कळतं. पडायच्या आधीचं काम दुसऱ्यांकडे आहे."

"बरं आहे. पडून गेल्यावर मलाही कळतं."

एवढंच बोलणं झालं. पण दुसऱ्या दिवशी धाकटीनं वाळत घालायच्या दोऱ्या हलवल्या. थोरलीच्या दोऱ्या इतकी वर्षं मागच्या भिंतीपाशी होत्या आणि कुणाची काही तक्रार नव्हती. धाकटीनं खांब उपटून कुंपणालगत रोवले. खिडकीतून थोरलीनं विचारलं, "का गं, काय बिघडलं होतं तिकडे?"

"इकडे वारा चांगला आहे."

"वारा?" थोरली म्हणाली. तेवढ्यात एक बाळ रडलं, मग दुसरं रडलं, आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

तेव्हापासून रोज दुपारी तो पेटीचं दार उघडायला यायचा आणि नेमकी तेव्हाच धाकटीची बादली भरलेली असायची. ती त्याला 'वेधशाळा' म्हणायची, तो तिला 'मालकीणबाई'.

"काय वेधशाळा, आज किती चढलं?"

"कालच्याहून थोडं जास्त, मालकीणबाई."

"एवढ्यासाठी थर्मामीटर कशाला? माझ्या कपाळाकडे बघितलं तरी कळेल."

"बघतो की," तो म्हणायचा… आणि मग घाईघाईनं पेटीत डोकं घालायचा.

एकदा तिनं खरंच विचारलं. "रोज वाचता, रोज लिहिता. त्यातून मिळतं काय?"

तो कुंपणाला टेकला. "एका दिवसाच्या आकड्यातून काही नाही. पण बाबांनी कामाला सुरुवात केली तेव्हाचे उन्हाळे आणि आताचे उन्हाळे शेजारी ठेवले, की दिसतं. वर्षं खालीवर होतात, पण सगळी मिळून वर चढतायत. इथंच नाही, जिथं जिथं अशा पेट्या आहेत तिथं."

धाकटी अभ्रा पिळत म्हणाली, "म्हणजे असं की… एक चादर पिवळी पडली तर तो डाग. गठ्ठ्यातल्या सगळ्याच दर खेपेला जराजरा पिवळ्या पडायला लागल्या, तर दोष पाण्यात."

"अगदी तसंच."

"मग या उन्हाळ्यांच्या पाण्यात दोष कुठं आहे?"

"कोळसा जाळतो, तेल जाळतो, जंगलं तोडतो. त्याचा वायू वर साठत जातो. दिसत नाही, वासही येत नाही. पण जमिनीची ऊब बाहेर जायची, ती अडवून धरतो."

"म्हणजे कुणीतरी पांघरूण घातलंय आणि काढत नाहीये."

"काढत तर नाहीच. वर रोज एक टाकतोय."

धाकटीनं मागं वळून लाँड्रीच्या बॉयलरच्या धुराड्याकडे पाहिलं. "त्यात माझंही एक आहे म्हणा की."

"माझ्या स्कूटरचं पण," तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात इस्पितळाच्या चादरी दुपटीनं येत होत्या. ऊन लागून आडव्या झालेल्या माणसांच्या होत्या त्या. धाकटी त्या धुवायची, पण असा विचार तिनं आधी कधी केला नव्हता.

उन्हाळ्यात तिनं आणखी एक शोध लावला. ओल्या चादरींच्या पलीकडे, कुंपणापर्यंतच्या अरुंद पट्टीत, दुपारी विलक्षण गार वाटायचं. वारा चादरींतून गाळून यायचा. ती जुळ्यांची गोधडी तिथंच अंथरायची. घरात किरकिरणाऱ्या मुली तिथं पडल्या पडल्या झोपायच्या.

"कूलर आहे माझा," ती त्याला कौतुकानं सांगायची. तोही मुलींकडे बघून मान डोलवायचा.

थोडे दिवस म्हणून आलेली धाकटी दोन वर्षं राहिली. थोरलीनं परत जायचं नाव काढलं नाही आणि धाकटीनंही.

आणि मग एका दुपारी तो आला, पेटी उघडली, मिटली, आणि न बोलता परत निघाला.

"वेधशाळा… आज माझं काही चुकलं का?"

तो थांबला. "मुख्य कार्यालयातून फोन होता. आमचे आकडे दोन वर्षं खाली आलेत. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांचे चढतायत, आमचेच उतरतायत. थर्मामीटर बदलून पाहिले, पेटी साफ केली, काही सापडत नाही. तपासणीला येणार आहेत. कारण मिळालं नाही तर केंद्र बंद, आणि इथले जुने आकडेही बाजूला ठेवणार. भरवशाचे नाहीत म्हणून."

"आणि तुम्ही?"

"बदली." मग हळू आवाजात म्हणाला, "माझं जाऊ दे. बाबा जेवत नाहीयेत."

संध्याकाळी धाकटी इस्त्रीचे सदरे द्यायला गेली, तेव्हा त्याचे बाबा कचेरीला लागूनच असलेल्या घराच्या ओट्यावर बसले होते. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली होती, तरी त्यांना जवळचा माणूससुद्धा धुरकट दिसायचा.

"काका, जेवला नाहीत म्हणे."

"ये बेटा. एक सांग. माणसाचे डोळे जातात ते एका दिवसात जातात का?"

"नाही. हळूहळू."

"तेच तर. मी वाचायचो तेव्हा आकडे चढत होते. पोरगा चांगल्या डोळ्यांनी वाचतोय तर उतरतायत. म्हणजे मीच रेघ चुकीची वाचत होतो का? किती वर्षं चुकलो असेन? जगाला ताप आला म्हणून मी सांगत राहिलो आणि ताप नव्हताच… दोष माझ्या डोळ्यांत."

धाकटीनं सदरे उगाच दोनदा नीट केले.

तपासणीला आल्या त्या एक पिकल्या केसांच्या बाई, हॅट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. भर दुपारी त्यांनी पेटी उघडली, झडपा चाचपल्या, स्वतःचा थर्मामीटर आत ठेवला. तो तंतोतंत जुळला. बाईंनी मान हलवली.

"उपकरणं चोख आहेत. दोन वर्षांपूर्वी इथं काय बदललं? झाड तोडलं? भिंत बांधली?"

"काही नाही," तो म्हणाला.

ओट्यावरून बाबा म्हणाले, "शेजारी जुळं झालं, तेवढंच."

"त्यानं तापमान उतरत नाही," बाई म्हणाल्या आणि बॅग आवरायला लागल्या. "मला कारण मिळत नाही. तसंच कळवावं लागेल."

कुंपणाच्या अलीकडे धाकटी ओली चादर हातात धरून उभी होती. पायाशी, गार पट्टीत, मुली निजल्या होत्या. चादरींतून वारा आला आणि तिच्या मानेवरून पुढं गेला, कुंपणापलीकडे… थेट त्या पेटीच्या झडपांत.

तिनं पेटीकडे पाहिलं, मग हातातल्या चादरीकडे. माझा कूलर.

बोललं नाही तर काका असेच बसून राहतील, आपल्या डोळ्यांना दोष देत. बोललं तर दोऱ्या का हलवल्या ते सांगावं लागेल. तेही सगळ्यांसमोर. आणि डोळ्यांसमोरच्या दोऱ्या त्याला दिसल्या नाहीत हा ठपका त्याच्यावर येईल, ते वेगळंच.

"बाई," ती म्हणाली, "जरा इकडे येऊन उभ्या राहता का?"

बाई कुंपणाशी आल्या. हॅट काढली. क्षणभर डोळे मिटून वाऱ्यात उभ्या राहिल्या.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "या दोऱ्या इथं कधीपासून?"

"जुळं झालं तेव्हापासून. मीच हलवल्या."

"का?"

"वारा…"

"वारा सगळीकडे सारखाच आहे. मी आत्ताच मोजलाय."

धाकटीचे कान तापले. चादरीचं टोक तिच्या मुठीतून टपटप गळत होतं. "इथून दिसतात म्हणून," ती म्हणाली.

"काय दिसतात? थर्मामीटर?"

"…वाचणारे."

खिडकीत थोरली होती. तिनं "तो वारा होय" असं म्हटलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

बाई त्याच्याकडे वळल्या. "पेटीजवळ ओलं काही नसावं, हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. या दोऱ्या तुम्हाला रोज दिसत होत्या ना?"

तो बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. "दोऱ्या… नाही," तो म्हणाला. "दोऱ्यांकडे कधी लक्षच गेलं नाही."

"मग लक्ष कुठं होतं?"

त्याची नजर जिथं गेली, ते बाईंना दिसलं. त्यांनी हॅट पुन्हा डोक्यावर घातली, आणि हॅटखाली त्या हसत होत्या की काय, ते मात्र दिसलं नाही.

दोऱ्या त्याच दिवशी मागच्या भिंतीपाशी गेल्या. पुढचे काही आठवडे सगळे श्वास रोखून होते. आकडे हळूहळू वर आले आणि शेजारच्या केंद्रांशी जुळून चालायला लागले. केंद्र राहिलं. जुने आकडे राहिले. बिघडलेल्या दोन वर्षांवर तेवढी खूण पडली आणि त्याला लेखी समज मिळाली. ती त्यानं अशा आनंदानं घरी आणली, की बाबांना वाटलं बढती झाली.

"म्हणजे माझे डोळे बरोबर होते," बाबा म्हणाले.

"बरोबर होते, बाबा."

"तीसही वर्षं."

"तीसही वर्षं."

बाबांनी दीर्घ श्वास सोडला. ताट मागितलं. अर्धं जेवण झाल्यावर हात थांबला. "पण मग ताप खराच आहे की रे. मी खूश कशाला होतोय?"

"ताप आहे हे नक्की कळलं तरच कुणी औषध करेल, काका," धाकटी म्हणाली. ती सदरे घेऊन आली होती. अलीकडे सदरे फार लवकर मळत होते. "पुढच्या महिन्यात आमचा बॉयलर काढतोय. गच्चीवर उन्हानं पाणी तापवायचं यंत्र बसवणार. तुमच्या पोरानं थोरलीचं डोकं खाल्लं."

"पोरानं?" बाबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर संशय, आणि याला चांगल्या डोळ्यांनी दहा पावलांवरच्या चादरी दिसल्या नाहीत." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता एकच अडचण होती. दोऱ्या लांब गेल्या होत्या. दुपारी पेटीपाशी उभं राहून मागची भिंत दिसत नव्हती. असे आठवड्यांमागून आठवडे गेले. मग एका दुपारी लाँड्रीचं फाटक वाजलं. पेटी वाचून झाल्यावर तो सरळ आत आला होता.

"काय वेधशाळा, रस्ता चुकलात?"

"इस्पितळाच्या चादरी मोठ्या असतात ना," तो म्हणाला. "एकटीला घडी घालता येत नसेल, म्हटलं…"

"दोन वर्षं घालतेच आहे."

"हो, पण—"

तिनं वाळलेल्या चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. ती मागं गेली, चादर ताणली गेली. मग घडी घालायला दोघं जवळ आले. तिनं त्याच्या हातातली टोकं घेतली, बोटांना बोटं लागली, आणि ती पुन्हा मागं गेली. पुन्हा जवळ आली. चादर दर वेळी निम्मी होत होती, आणि मधलं अंतरही.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "मी सगळं मोजून बोलणारा माणूस. हे कसं मोजायचं, ते माहीत नाही."

"मोजू नकोस," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. "धर नीट. खाली पडेल."

त्यानं धरली. चादर नव्हे, हात. चादर पडलीच, आणि ती पुन्हा धुवावी लागली.

लग्न झालं तेव्हा जुळ्या दोन बाजूंनी तिचा पदर धरून चालत होत्या. पेटी आता दोघं वाचतात. आकडे अजून चढेच आहेत. पण मोजणारे बरोबर आहेत याची कुणाला शंका राहिलेली नाही. मागच्या भिंतीपाशी सावलीसाठी दोघांनी एक झाड लावलं आहे, पेटीपासून पुरेसं लांब.

बाबा गेले ते जुळ्या शाळेत जायला लागल्या त्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, ओट्यावर, दुपारचा आकडा ऐकून झाल्यावर.