विषाशिवाय अकरा दिवस

धाडकन दार उघडलं आणि तिच्या हातातला ट्रे निसटला... त्याने वरच्यावर झेलला. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्याचा पहिलाच दिवस! तिने त्याची उंची बघून तिथल्या तिथे त्याचं नाव ‘उंट’ ठेवलं.

“सांभाळा हं! नळ्यांत माझे जंतू आहेत, आणि कॅडमियम. विष.”

“आणि त्यात जंतू जगतात?”

“ऐटीत! विष आत शिरलं की बाहेर उपसून टाकतात. पंप असतो त्यांच्याकडे.”

“आणि तुम्ही रोज पुन्हा घालता? फारच प्रेमळ बुवा!”

ती खुदकन हसली, आणि आमचा उंट तिथेच कामातून गेला.

महिन्याभरात अहो-जाहो गळून पडलं. तो चोरून बघायचा, आणि ती... तीही काही कमी नव्हती बरं का! साठ्याचा फ्रीजर बिघडल्यापासून त्या जंतूंच्या तीनच नळ्या उरल्या होत्या. ज्या नाल्यातून ते आणले, तो कधीच बुजवला होता. तिचं चार वर्षांचं संशोधन, तिची नोकरी, सगळं त्या तीन नळ्यांवर.

अशात तिचे वडील आजारी पडले. “बघशील ना रे? रोज ताजं खाद्य, थोडं कॅडमियम.”

पहिल्याच दिवशी नळ्या पातळ दिसल्या, त्याला जंतू रोडावलेले वाटले. जीव कळवळला हो त्याचा! त्याने विष बंद केलं. अकरा दिवसांत नळ्या दुधासारख्या दाट झाल्या. ती किती खूश होईल, म्हणून गडी आधीच खूश.

ती आली, तिने कॅडमियम घातलं. सकाळी तिन्ही नळ्यांत सगळे मेलेले.

“काय केलंस तू?”

“विष... बंद केलं होतं. तेवढंच.”

“अरे, विष नसलं की पंप म्हणजे नुसतं ओझं. जंतू टाकून देतात तो. आता कुठून आणू? नोकरीही गेली, परत बाबांकडे जायचं फक्त.”

“मला तू आवडतेस गं... म्हणून केलं.”

“माहीत आहे.” ती रडायलाच लागली. “मलाही तू आवडतोस, मेल्या! कधीची वाट बघत होते मी हे ऐकायची.”

“मग मी येतो ना तुझ्याबरोबर. कुठेही.”

“नको रे. तुझं तोंड बघितलं की या नळ्याच दिसतील मला.”

त्याच संध्याकाळी सामान बांधून ती वडिलांकडे निघून गेली. प्रेम कबूल झालं त्याच दिवशी संपलं, असं कुणाचं होतं का हो? त्याचं झालं.