व्हॉल्व्हचे दोन फेरे

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच बाबतीत घडलंय. आणि तेही रात्री नाही... भर दुपारी, साडेतीनला.

मी शहराच्या सांडपाणी केंद्रावर ऑपरेटर आहे. घराघरांतलं घाण पाणी आमच्याकडे येतं, टाक्यांमधून साफ होतं आणि नदीत जातं. सोडण्याआधी व्हॉल्व्हचं चाक फिरवून त्यात थोडा क्लोरिन द्यायचा. कमी पडला तर रोगजंतू उरतात. जास्त झाला, तर नदीतले मासे मरतात.

माझ्या जोडीला एक जण होता. सगळे त्याला नाक्या म्हणायचे. नुसता पाण्याचा वास घेऊन तो सांगायचा, "अर्धा फेरा कमी कर." मीटर लावून बघावं, तर बरोब्बर!

नाक्यामुळे नदीत मासे परत आले, असं साहेब चारचौघांत म्हणायचे. मी शेजारीच उभा असायचो. पंधरा वर्षं मीही तीच घाण उपसत होतो. माझं नाव कधी कुणी घेतलं नाही.

आत नुसती आग व्हायची.

एक दिवस त्याला सर्दी झाली. नाक पार चोंदलेलं. तो चहाला गेला...

आणि मी व्हॉल्व्ह दोन फेरे जास्त उघडला.

संध्याकाळी नदीवर मासे तरंगत होते. पांढरी पोटं वर करून.

"साहेब, मला वासच आला नाही हो," नाक्या एवढंच म्हणाला.

त्याला घरी बसवलं. तीन आठवड्यांत हार्ट अटॅकने गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, त्या दुपारी मी पाळीवर एकटाच होतो. नदीकडे जाणाऱ्या पाण्यापाशी उभा. आणि मागून आवाज आला...

सूं... सूं...

चोंदलेल्या नाकाने कुणीतरी वास घेत होतं.

वळलो. कुणी नाही.

पंप चालू होते, पण त्यांची घरघर ऐकू येईना. फक्त ते नाक.

व्हॉल्व्हपाशी धावलो. मी लावला होता त्यापेक्षा अर्धा फेरा बंद. चाक ओलं होतं...

मीटर लावला. बरोब्बर.

मग ते रोजचंच झालं. मी लावायचो, तो बदलायचा.

महिनाभराने साहेबांनी पाठ थोपटली. "शाब्बास! अगदी नाक्यासारखं काम करतोस."

खोटं कशाला बोलू? भीती कमी वाटली, जळफळाट जास्त झाला. मेल्यावरही हा माझ्या पुढेच!

"आता पाळी माझी आहे!" मी वाहत्या पाण्यावर ओरडलो.

सूं...

अगदी कानाशी.

शेवटी राहवेना. सगळं कबूल करायला वहिनींकडे गेलो, म्हणजे त्याच्या बायकोकडे. आधी त्या आवाजाचं सांगितलं. माशांचं सांगणार, तोच त्यांचा चेहराच बदलला.

"तुमच्याकडे येतात?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, मी रोज दार उघडं टाकून बसते. घरी एकदाही आले नाहीत... आणि तुमच्याकडे रोज?"

ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं मी त्याच्याकडे तसंच बघत होतो.

आता दर मंगळवारी त्या साहेबांची परवानगी काढून येतात. पाण्यापाशी तासभर उभ्या राहतात. पाणी वाहतं, पंप घरघरतात. बाकी काही नाही.

त्या गेटबाहेर पडतात...

आणि माझ्या मागे सुरू होतं.

परवा जाता जाता त्या थांबल्या. "मी गेल्यावर येतात का हो?"

"नाही, वहिनी."

मासे कुणी मारले, तेही मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर कदाचित तो घरी जाईल. त्यांच्याकडे.

तेवढंही मला अजून सहन होत नाही.