मॉरिस लेहेननं दडवलेली पत्रं

शेगडीत अजून एक लाकूड टाका आणि बसा. फिनबार लेहेन माझा शाळेपासूनचा मित्र. हे त्यानं मला सांगितलं. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं.

दोन हजार एकोणीस, सतरा नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळचे साडेसहाच, पण बाहेर डांबरासारखा काळोख. खाडीच्या रस्त्यावरचं आजोबांचं घर विकायचं ठरलं होतं, म्हणून फिनबार धुराडं साफ करायला गेला. कावळ्यांचं घरटं ओढलं, तर मागच्या खाचेतून मेणकापडाचं पुडकं पडलं.

आत चौदा पत्रं. सात त्याच्या आजीची, होनोराची. सात लोर्कन डीझीची.

एकोणीसशे बावीस सालचं आपल्या आयर्लंडचं यादवी युद्ध, पोरांनो. इंग्रज गेले आणि आपण एकमेकांच्या उरावर बसलो. त्याआधी होनोरा आणि लोर्कन स्वातंत्र्याच्या एकाच चळवळीत, लग्न ठरल्यात जमा. मग ती इंग्रजांशी झालेल्या तहाच्या विरोधात गेली आणि तो सरकारच्या फौजेत. तरी चोरून लिहायचे. पत्रांची ने-आण करायचा मॉरिस लेहेन, सायकलवरून.

फिनबारनं पाकिटं फोडून वाचली. ती लिहिते, 'नाताळापुरत्या तरी बंदुका खाली ठेवायला लाव. इकडच्यांना मी मनवते.' तो लिहितो, 'आमचे वरचे बोलायला तयार आहेत. तू फक्त हो म्हण.'

मॉरिसनं एकही पत्र पोचवलं नाही. दोघांनाही वाटलं, पलीकडून उत्तरच येत नाही. मार्चमध्ये लोर्कन रस्त्यावर मारला गेला. पुढच्या वर्षी होनोरानं लग्न केलं.

मॉरिसशी.

आणि त्याच मॉरिसचं नाव आपल्या चौकातल्या स्मारकाच्या दगडावर वीर म्हणून कोरलंय. दर ईस्टरला, उठावाच्या स्मरणदिनी, आपण तिथं टोप्या काढून उभे राहतो.

फिनबारनं आग पेटवली. पत्रं जाळायचीच, असं ठरवून.

तेवढ्यात जिना वाजला.

वर कोणी नव्हतं. एक पायरी... मग खालची... मग खोलीच्या दाराशी थांबलं.

बाईचा आवाज. दमलेला.

"मॉरिस... उत्तर आलं का रे?"

फिनबारच्या हातात उत्तर होतं. सात होती.

"नाही," तो म्हणाला.

...

मग बाहेरचं दार उघडलं. परत लागलं नाही.

त्यानं पत्रं आगीत टाकली.

सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं हे सांगितलं. मी चिडलो. "अरे गाढवा, हातात होती ना? द्यायचीस."

"ती मला मॉरिस म्हणाली रे. मग माझ्या तोंडातून मॉरिसच बोलला."

आजीची माफी मागतो म्हणाला, म्हणून दोघं दफनभूमीत गेलो. नवरा-बायको एकाच दगडाखाली, शेजारी शेजारी. मॉरिसच्या बाजूचं गवत जसंच्या तसं. होनोराच्या बाजूची माती आत खचलेली. माणूसभर लांब.

आम्ही ती भरली. तीनदा भरली...

माती अजून राहत नाही.