मुका टर्की

टर्कीच्या शिकारीच्या हंगामाचा शेवटचा रविवार उजाडायच्या आधी कॉर्बिन येट्स सासऱ्याला, ओर्व्हलला, ओटची लापशी भरवत बसला होता. खरं तर त्याने एव्हाना जंगलात असायला हवं होतं. पण त्याच्या बायकोची, डार्लाची, वृद्धाश्रमातली रात्रपाळी सहाला सुटायची, आणि तोवर म्हाताऱ्याला एकटं ठेवायचं नाही असं नवराबायकोचं ठरलेलं होतं.

लापशी ओर्व्हलच्या हनुवटीवरून ओघळली. कॉर्बिन ती चमच्याने खरवडून पुन्हा त्याच्या तोंडात घालायचा. दर वेळी तो नजर दुसरीकडे वळवायचा, आणि वळवल्याची लाज वाटायची. याच माणसाने त्याला बंदूक धरायला शिकवलं होतं, जंगलात तीन-तीन तास न हलता बसायला शिकवलं होतं. आता त्याच्या तोंडाला आंबूस, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता.

ओर्व्हल सगळं खायचा. पंचाईत हीच होती. लापशी, कुस्करलेलं अंडं, डब्यातल्या पीचच्या बारीक फोडी, सगळं निमूट गिळायचा. तरी तीन आठवड्यांत त्याचं वजन एकतीस पौंडांनी उतरलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले आणि शेवटी म्हणाले, खाल्लेलं अंगी लागत नाहीये. कॉर्बिन पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. असल्या उत्तरावर त्याचं समाधान होण्यासारखं नव्हतं. त्याने आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताट मोजलं, आणि नाक दाबून बेडपॅनही मोजलं. आत दिवसाला साधारण नऊशे ग्रॅम जात होतं. बाहेर जेमतेम शंभर येत होतं, आणि माणूस वाळत होता. उरलेलं जात कुठे होतं, ते त्याला सापडेना.

त्याने हृदयाची निळी गोळी दाढीच्या पात्याने अर्धी केली. आज ती तिरकी तुटली, एका टोकाला काट्यासारखी अणी राहिली. ती त्याने म्हाताऱ्याच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं आणि नियमाप्रमाणे जिभेखाली बघितलं. गोळी गेली होती.

"आज मारशील?" ओर्व्हलने विचारलं.

"बघू. तो मुका आहे, ओर्व्हल. हंगाम संपत आला की नर साद देत नाहीत, तुम्हीच तर सांगायचात."

"मुका कसला." ओर्व्हलने ओठ चाटले. "त्याचं तोंड भरलेलं असतं."

कॉर्बिनने चमचा खाली ठेवला.

"आण त्याला," म्हातारा म्हणाला. "तो खाल्ला की मी उठेन."

डार्ला आली ती बूट काढतच. "अजून इथेच? टर्की काय दारावर येऊन बेल वाजवणार आहे का?"

"निघालोच."

ती त्याच्यामागून अंगणापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "असंच उतरत राहिले तर डॅडी महिनाअखेर गाठत नाहीत. डॉक्टर फोनवर बोलले काल. तीन आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदा तोंडाने काही मागितलंय रे. रिकामा आलास तर त्यांना तूच सांग, मी नाही सांगणार."

ब्युएलच्या फाटकाशी त्याने गाडी लावली. मागची टेकडी ब्युएलची होती. तो फाटकाशीच कॉफी पीत उभा होता.

"आलास? तीन आठवडे एकाच पक्ष्यामागे. बायकोमागे तरी एवढा फिरला होतास का?"

"बायको उत्तर द्यायची."

ब्युएल हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "उघड्या खडकाकडेच जाणार ना? मी त्या बाजूला जाणं सोडलंय. कुत्रंही येत नाही."

"का?"

"वास येतो. माणूस फार दिवस अंथरुणाला खिळला की खोलीला येतो, तसा." त्याने कॉफीचा गाळ गवतात झटकला. "कायद्याने एक वाजता बंदूक खाली, लक्षात आहे ना? मी वजनकाटा काढून ठेवतो. लागलं तर."

उघडा खडक म्हणजे सीडरच्या दाट झाडांमधला चुनखडीचा पट्टा. त्याच्या खालच्या अंगाला चिखलाची एक वाट होती आणि मुका नर तिच्यावरून यायचा. कॉर्बिनने त्याला दोनदा लांबून पाहिलं होतं. बाकी ओळख पावलांवरूनच. पावलांची मापं तो वहीत लिहून ठेवायचा. लांबी साडेचार इंच, त्यात कधी फरक नव्हता. खोली मात्र पहिल्या आठवड्यात पाव इंच होती, दुसऱ्यात अर्धा. आज त्याने पट्टी लावली तर इंचभर बुडाली. चिखल तोच, ओलही तेवढीच. मे महिन्यात नर माद्यांच्या मागे लागून खाणं विसरतात, छातीवरची चरबी झडते, हलके होतात. हा जड होत होता.

विष्ठा कुठेच नव्हती. तीन आठवड्यांत एकही लेंडी नाही.

तो ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसला. मादीसारखा आवाज काढणारा लाकडी डबा त्याने दोनदाच घासला, हलका, आणि मांडीवर ठेवून दिला. वास यायला लागला होता. ब्युएल म्हणाला तसाच, लघवी आणि पावडर आणि जुनी चादर. त्याने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली, तर वास जिभेवर बसला.

साडेअकराच्या सुमाराला पिंडरीवर वळवळ झाली. या दिवसांत गोचिड्यांना कोण भितो, घरी जाऊन वेचायच्या. त्याने विजार वर केली. सात-आठ गोचिड्या होत्या, पण एकही वर चढत नव्हती. सगळ्या खाली उतरत होत्या, मोज्यावरून, बुटावरून, आणि पाचोळ्यात शिरून खडकाच्या उलट दिशेने चालल्या होत्या. एक तर रक्त पिऊन टम्म फुगलेली. तीही चावा सोडून निघाली.

त्याने मान वर केली तेव्हा नर वीस पावलांवर उभा होता.

पाचोळा कोरडा होता, तरी पाऊल वाजलं नव्हतं. शेपटीचा पंखा उघडा. वसंतात नराचं डोकं लाल, पांढरं, निळं, झगझगीत असतं. याचं फिकट होतं, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या तळपायासारखं, सुरकुतलेलं. गळ्याखालची पिशवी एवढी फुगलेली की मान मागे रेलली होती. चोच किंचित उघडी होती, आणि तिच्या कडेने काहीतरी पातळ, पांढरट ओघळत होतं.

कॉर्बिनने नेम धरला आणि चाप ओढला. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

मारलेला टर्की मिनिटभर तरी पंख आपटतो. हा आपटला नाही. पाय मुडपून खाली बसला, मान जमिनीवर ठेवली, झोपल्यासारखा. रक्त आलं नाही. छऱ्यांची भोकं दिसत होती, कडा पांढऱ्या.

त्याने पायाला परवान्याची पट्टी बांधली. मग सुरी काढली. पक्षी पडला की तिथेच गळ्याची पिशवी उघडून बघायची, काय खातोय, कुठे चरतोय ते कळतं. ही ओर्व्हलची शिकवण. हात सवयीनेच चालला.

कातडी चिरताच आतलं तळहातावर आलं. कोमट.

ओटची लापशी.

अंड्याचा बलक. पीचच्या फोडी, डार्ला कापते तशा, नखाएवढ्या.

त्याने बोटाने चाळलं. बोटाला काही टोचलं.

निळी गोळी. अर्धी. तिरकी तुटलेली, एका टोकाला अणी.

तो बाजूला जाऊन ओकला. बराच वेळ नुसतं पाणी पडत राहिलं. मग त्याने ती पिशवी मुळापासून कापली, खडकाच्या कपारीत टाकली आणि वर दगड रचले. हात पाचोळ्याला पुसले, पुन्हा पुसले. पक्षीही इथेच टाकायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण झाडीत बूट वाजले.

"बंदूक वाजली म्हटलं," ब्युएल धापा टाकत आला. "म्हणून आलो. अरे देवा, केवढा हा." त्याने पक्ष्याचे पाय वजनकाट्याला अडकवले. काटा चौतीस पौंडांवर थांबला. "काटा बिघडला की काय? बापजन्मात असा बघितला नाही. थांब, डार्लाला फोन लावतो. म्हातारा ऐकूनच उठून बसेल."

फोन लावून झालासुद्धा.

घरी डार्लाने पाणी उकळत ठेवलं होतं. कॉर्बिन पक्षी घेऊन दारातच उभा राहिला.

"नको शिजवूस हा," तो म्हणाला. "आजारी वाटतोय."

"गोळी घातल्यावर कोण टवटवीत दिसतं?"

"डार्ला, वास बघ त्याचा."

तिने हुंगलं. "टर्कीचा येतोय. तीन आठवडे डॅडींच्या खोलीत बसून तुझं नाक बिघडलंय." तिने पक्षी त्याच्या हातातून घेतला. "आणि या घरात मारलेलं टाकत नाहीत. मारलं ते खायचं. लग्नाआधी डॅडींनी तुला हे एवढं एकच विचारलं होतं, तू हो म्हणाला होतास."

सांगायचं तरी काय? पिशवी दगडांखाली होती. आणि सांगून झाल्यावर करायचं काय? म्हातारा महिनाअखेर जाणार होता. पक्ष्यात जे साठलं होतं ते त्याचंच असेल, तर ते त्याला परत देण्यात चूक कुठे होती? वजनाच्या हिशेबाने कुठेच नव्हती. कॉर्बिन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि पिसं उपटल्याचा आवाज ऐकत राहिला.

चारच्या सुमाराला डार्लाने दोन्ही तंगड्या आणि छातीचा मोठा तुकडा ताटात घालून आत नेलं. कुस्करून देते म्हणाली, तर ओर्व्हलने तिला बाहेर जायला सांगितलं. दार लाव म्हणाला.

आतून काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने ती आत जाऊन आली, ती डोळे पुसत.

"खाल्लं रे. सगळं खाल्लं. झोपलेत आता. गालांवर रंग आलाय, बघून ये."

तिच्या हातात ताट होतं. कॉर्बिनने ते घेतलं. टर्कीच्या तंगडीत मांड्यांच्या जाड हाडांशिवाय सुईसारख्या कडक शिरा असतात, प्रत्येक पायात आठ-दहा. त्या कुणीच खात नाही, कुत्रंसुद्धा.

"हाडं कुठे टाकलीस?"

"मी? मी नाही टाकली. असंच होतं ताट."

तो आत गेला. ओर्व्हल भिंतीकडे तोंड करून झोपला होता, श्वास संथ, खोल. कॉर्बिनने कचऱ्याची बादली बघितली. पलंगाखाली बघितलं, उशीखाली हात घातला. खिडकी आतून बंद होती.

मग त्याची नजर उशाशी ठेवलेल्या पेल्याकडे गेली. तीन आठवड्यांपूर्वी ओर्व्हलने काढून ठेवलेली कवळी त्यात तशीच बुडालेली होती, वरची आणि खालचीही. पाण्यावर धुळीची पातळ साय धरली होती, आणि ती कुठेही मोडलेली नव्हती.