शेजारचा तारा

हेलवानच्या वेधशाळेत संगणक एकच होता. त्या दिवशी त्याच्यापुढे एक अनोळखी तरुण पावात भरलेली ‘फूल’ नावाची कडधान्याची उसळ खात बसला होता. बाहेर खमासीनच्या धुळकट वाळवंटी वाऱ्याने खिडक्या थडथडत होत्या.

“ही वेळ माझी आहे,” मी म्हणाले.

“वेळ तुमची... पण खुर्ची मी गरम केलीय, डॉक्टरीणबाई.”

मी साधी विद्यार्थिनी. चिडायला हवं होतं. चिडले नाही, आणि वीस वर्षांनी आजही त्याचं हसू येतं.

हातेम संगणक दुरुस्त करायला आला होता. संगणक दुरुस्त झाला, तरी तो दोन महिने येतच राहिला! माझं काम रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे, तारे शोधायचं. दुर्बिणीने टिपलेली चित्रं सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, हव्या त्या ताऱ्यावर क्लिक करायचं, मग शेजारच्या एका न बदलणाऱ्या ताऱ्यावर. त्या शेजाऱ्याच्या मापाने पहिल्याचं तेज मोजलं जायचं. हातेम पुदिन्याचा चहा आणायचा आणि मी त्याला घरी येणाऱ्या स्थळांचं गाऱ्हाणं सांगायचे.

“दातांचा डॉक्टर नको म्हणालीस. का?”

“बोलायला लागला की थांबत नाही.”

“मी तरी कुठे थांबतो?”

“तुझं वेगळं आहे.”

“आणि तो इंजिनिअर?”

“हसतच नाही रे.”

तिसरा बँकेतला. त्याच्यात खोट सापडेना, म्हणून बाबांनी माझा होकार गृहीत धरला. शुक्रवारी दोन्ही घरं मिळून फातिहा वाचणार, म्हणजे सोयरीक पक्की.

त्या मंगळवारी मी आनंदाने वेडी झाले होते. “हातेम, नऊ सापडले! नऊ रूपविकारी तारे!”

त्याने आलेख पाहिले. पुन्हा पाहिले. “इनास... हे नऊही एकाच वेळी मंद होतात? एकाच मापाने?”

मी नऊ आलेख एकाखाली एक लावले.

“नऊ नाहीत गं,” तो हळूच म्हणाला. “एकच आहे. तू ज्याला स्थिर धरलंस ना... तोच बदलतोय.”

दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं. रडू आवरत मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचे कान लाल झालेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर, इंजिनिअर... मी सगळ्यांना कोणाच्या मापाने मोजत होते?

“शुक्रवारी फातिहा आहे,” मी म्हणाले.

“माहितेय.”

“मग काही बोलशील की नाही?”

“मी दुरुस्तीवाला, इनास. तुझे बाबा...”

“बाबांचं नंतर. तुझं काय?”

“माझं —” तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच थांबला असेल. “हा संगणक पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला होता. रोज कशाला येत होतो, असं वाटतं तुला?”

गुरुवारी तो आईला आणि बसबूसा मिठाईचा डबा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. बाबांनी दोघांना बसवलं. मग मला आत बोलावून विचारलं, “त्या बँकेतल्या मुलात काय कमी आहे?”

“काहीच नाही, बाबा. पण तो हातेम नाही.”

बाबांनी दाढी खाजवली. मग बाहेर जाऊन हातेमच्या आईसमोर बसले.

“फातिहाला शुक्रवारच हवा असं थोडंच आहे,” ते म्हणाले आणि फातिहा वाचायला त्यांनी हात उघडे धरले.