परत केलेली जागा

"मामा, माझी जागा कुणीतरी परत केली."

भाचीचा फोन आला तेव्हा पिओ तेसोक मांगवोन वस्तीतल्या बागेत बुद्धिबळाचा डाव मांडून बसला होता आणि हरत होता. पोलिसात असताना भल्याभल्यांना त्यानं बोलतं केलं होतं, पण निवृत्तीनंतर शेजारचा न्हावी त्याला रोज पटावर लोळवत होता. त्यामुळे फोन वाजल्याचं त्याला आधी बरंच वाटलं.

"कसली जागा? बसमधली?"

"मामा!" हेरिमचा आवाज फुटला. "अमेरिकेतली. विद्यापीठातली."

तेसोकनं डाव तसाच टाकला. न्हाव्यानं मागून काहीतरी टोमणा मारला, तोही त्यानं ऐकला नाही.

हेरिम सत्तावीस वर्षांची. दिवसा कामगारांच्या संघटनेत नोकरी, संध्याकाळी शाळकरी मुलांना इंग्रजीची शिकवणी. सार्वजनिक धोरण आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांत पुढचं शिक्षण घ्यायचं, हा तिचा ध्यास. गेल्या वर्षी केलेले सगळे अर्ज फेटाळले गेले होते. यंदा वॉशिंग्टनमधल्या एका विद्यापीठानं तिला घेतलं आणि तिच्या आईनं बाजारभर भाताच्या वड्या वाटल्या. आता फक्त शिष्यवृत्तीचा निकाल यायचा होता. त्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं.

कॉफीच्या दुकानात हेरिमनं त्याच्यापुढे फोन सरकवला. 'आपण प्रवेश नाकारत असल्याचं कळवलंत, आभारी आहोत. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

"तू नाकारलास?"

"वेड लागलंय का मला?"

"चुकून बोट लागलं असेल."

"दोनदा विचारतात, मामा. खरंच नाकारायचंय का, म्हणून. मी तिथे फोन केला होता. शनिवारी संध्याकाळी झालंय, आमच्याच घरच्या संगणकावरून."

"परवलीचा शब्द कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"घरात कशाला लागतोय तो? उघडंच असतं सगळं. आई आणि मी, लपवायचं कुणापासून?"

"शनिवारी तू कुठे होतीस?"

"शिकवणीला. आई घरी होती. आणि इनहो येऊन गेला. आमच्या अभ्यासगटातला."

"त्याला कुठे मिळाली जागा?"

हेरिम खाली बघू लागली. "माझ्याच विद्यापीठात तो प्रतीक्षायादीवर होता."

तेसोकचे कान टवकारले. तीस वर्षांची सवय अशी थोडीच जाते.

"विद्यापीठ काय म्हणतंय?"

"शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. कुणी केलं, कसं केलं, आणि ज्यानं केलं त्याच्या सहीचं निवेदन हवं. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. मामा, एवढीच एक जागा होती माझी."

"रविवारी तुमच्याकडे जेवलो तेव्हा तर सगळं बरं होतं."

"बरंच होतं. मियोकगुकच्या दोन वाट्या रिचवल्यात तुम्ही."

"शेवाळाचं सूप छान झालं होतं," तेसोक ओशाळून म्हणाला आणि उठला.

इनहो सापडला वाचनालयाखालच्या किंबापच्या, भाताच्या गुंडाळ्यांच्या, दुकानात. पोरगा उंचापुरा, केस विस्कटलेले, तोंडात घास.

"शनिवारी हेरिमच्या घरी कशाला गेला होतास?"

"काका, आधी बसा तरी. निबंधाच्या प्रती काढायला गेलो होतो. आमच्या गटात पद्धत आहे. ज्याचं काम झालं त्यानं आपला अर्जाचा निबंध मागच्या पोरांसाठी ठेवून जायचा. तिच्याकडे छपाईचं यंत्र आहे, माझ्याकडे नाही."

"म्हणजे संगणकावर तूच बसला होतास."

"बसलो होतो. कामाशिवाय कशालाही हात लावला नाही."

"ती गेली की तुझा नंबर लागणार होता. बरोबर?"

इनहोनं घास गिळला, फोन काढून दाखवला. "मी टोकियोला चाललोय, काका. शुल्कसुद्धा भरून झालंय. वॉशिंग्टनच्या यादीतून मार्चमध्येच नाव काढलं. तिला सांगितलं नाही, कारण ती म्हणाली असती, माझ्यामुळे सोडलंस. आणि खरंच तसं नव्हतं हो. टोकियोत राहणं स्वस्त पडतं."

तेसोकनं ते पत्र नीट वाचलं. तारीख खरी होती. पोरगा सुटला.

"आणि ताई, म्हणजे हेरिमची आई, काय करत होती तेव्हा?"

"काकू? त्यांनीच तर मला अडकवून ठेवलं. म्हणाल्या, एक प्रत मला पण दे, लेकीनं काय लिहिलंय ते बाजारात सांगायला हवं ना. मग मी त्यांना दाखवलं, इंग्रजी कागदावर फोन धरला की तो आपल्या भाषेत कसा वाचून दाखवतो ते. एवढ्या खूश झाल्या! मला बरणीभर लोणचं दिलं."

"निबंध कशावर आहे?"

"हेजुनदादावर." इनहोचा चेहरा उतरला. "भारी लिहिलाय. घरी नेऊन वाचला, मी तर रडलो."

तेसोकला पुढचं विचारवेना.

हेजुन म्हणजे हेरिमचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी चुसोकच्या सणाच्या गर्दीपुरता शहराबाहेरच्या एका शीतगोदामात कामाला लागला आणि तिथल्या आगीत गेला. त्या आगीत गेलेल्यांच्या घरची माणसं अजून दरवर्षी जमतात. बायका आपापल्या फोनवर आलेले शेवटचे निरोप एकमेकींना ऐकवतात. तेसोकची ताई ओक्सुन तेवढ्यात उठते आणि कप विसळायला जाते. "माझ्या पोराला एक फोन करावासा वाटला नाही," असं ती एकदाच म्हणाली होती, भावाजवळ. त्यानंतर तो विषय कुणी काढला नव्हता.

ओक्सुनचं बाजारात तयार तोंडीलावण्याचं दुकान होतं. नवरा कधीचाच सोडून गेलेला. दोन्ही पोरं तिनं किमची आणि तळलेल्या भाज्यांवर वाढवली, आणि त्याआधी लहान भावालाही. बुधवारी तेसोक पोचला तेव्हा ती दुकानात नव्हती. शेजारची सुक्या मासळीवाली बाई सांगायला एका पायावर तयार होती.

"येईलच हो. हल्ली तिचं लक्षच नाही. म्हटलं शिष्यवृत्ती मिळाली, आता तरी हसशील!"

"शिष्यवृत्तीचा निकाल लागला?"

"लागला नाही? मग मियोकच्या शेवाळाची जुडी कशी नेली तिनं? हिवाळाभर मी तिला म्हणतेय, ताजी आलीय, घे. हात लावेना! निसरडी असते ना ती, सूप केलं की नशीब घसरतं. पोरांच्या परीक्षा, अर्ज, काहीही असो, निकाल हातात पडेपर्यंत घरात शिजवायची नाही. वाढदिवसाला खरं तर हेच सूप लागतं, पण लेकीच्या वाढदिवसालासुद्धा मुळ्याचं सूप केलं बिचारीनं. आणि रविवारी सकाळी आली ती सगळ्यात मोठी जुडी उचलून गेली. म्हटलं, झालं वाटतं काम."

 तेसोकला रविवारच्या त्या दोन वाट्या आठवल्या.

ओक्सुन आली. हेरिमनं तिला मंगळवारीच सगळं सांगितलं होतं.

"ताई, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"हो, म्हणाली ती." ओक्सुन डबे पुसत राहिली. "तू जेवलास का?"

"पोरगी खचलीय गं."

"सावरेल. मुळा घेऊन जा थोडा, चांगला मुरलाय."

तेसोक मुळा घेऊन घरी गेला आणि त्या रात्री जेवला नाही. ज्या ताईनं त्याला पाठीवर घेऊन वाढवलं, तिची चौकशी आपण करायची? त्यापेक्षा शुक्रवार असाच जाऊ द्यावा, असंही त्याच्या मनात आलं. मग हेरिमचा फुटलेला आवाज आठवला आणि तोही मार्ग बंद झाला.

गुरुवारी दुपारी त्यानं दोघींना दुकानामागच्या खोलीत बसवलं. ओक्सुननं सुक्या मासळीची परात पुढ्यात ओढली आणि एकेकीचं डोकं खुडायला लागली. रिकाम्या हातानं बसणं तिला माहीत नव्हतं.

"इनहो नाही," तेसोक म्हणाला. "त्याला ती जागा नकोच होती. मार्चमध्येच तो यादीतून बाहेर पडलाय."

"मग कोण?" हेरिमनं विचारलं.

"बघ, तू लगेच विचारलंस. ताई, तू नाही विचारलंस. काल नाही, आजही नाही. लेकीची जागा गेली, आणि तुला चोर कोण ते जाणून घ्यावंसं वाटत नाही?"

ओक्सुनचे हात चालूच होते.

"शनिवारी इनहोनं तुला इंग्रजी वाचायची युक्ती शिकवली. तो गेल्यावर घरात तू एकटी. संगणक उघडा. ज्या फोननं कागद वाचता येतो त्यानं पडदाही वाचता येतो, कुठलं बटण दाबायचं तेही. पण एवढ्यावर मी तुझं नाव घेतलं नसतं. मी अडलो तो सुपापाशी."

"कुठलं सूप?" हेरिम गोंधळली.

"आपण रविवारी खाल्लं ते. अर्ज केल्यापासून ताईनं मियोक घरात येऊ दिली नव्हती. शिष्यवृत्तीचा निकाल अजून लागायचाय. मग रविवारी कशी शिजवली? घसरायला काही उरलंच नव्हतं म्हणून. जागा गेली हे आपल्याला मंगळवारी कळलं. रविवारी ते एकाच माणसाला माहीत होतं."

ओक्सुननं हातातली मासळी खाली ठेवली.

"हो," ओक्सुन म्हणाली. "मीच केलं."

"आई?" हेरिम उठून उभी राहिली. "मी जाणं नको होतं तुला, तर तसं सांगायचंस ना! तोंडावर सांगायचंस!"

"नको होतं? तू जावंस म्हणून पहाटे डोंगरावरच्या देवळात कोण जात होतं, मी का शेजारीण?"

"मग का?"

"तू काय लिहिलंयस त्यात?"

हेरिमचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी फोन धरला कागदावर," ओक्सुन म्हणाली. "म्हटलं, वाचू. आणि तो म्हणतो, माझ्या भावानं आगीतून आईला तीनदा फोन केला. आई तळणात होती, तिला ऐकू आलं नाही. ते फोन मी पुसून टाकले. आईला अजून माहीत नाही. असंच आहे ना? का फोननं चुकीचं वाचलं?"

"असंच आहे," हेरिम पुटपुटली.

 तेसोकलाही हे आत्ताच कळत होतं.

"मामा आले, तुम्ही दोघं इस्पितळात धावत गेलात. तुझा फोन दुकानातच राहिला होता. मी बघितला. आई, मी अठरा वर्षांची होते. तुला कळलं असतं तर तू जगली नसतीस. मला तेवढंच सुचलं."

"नऊ वर्षं मी त्या पोरावर रुसून बसलेय." ओक्सुनचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "मेलेल्या पोरावर! सगळ्यांच्या लेकरांना आई आठवली, माझ्याला नाही, म्हणून. त्याच्या फोटोसमोर जेवण ठेवताना मनात म्हणायचे, खा, पण मी काही बोलणार नाही तुझ्याशी. तू बघत होतीस मला कप विसळताना. एकदा तरी सांगायचंस."

"मला वाटलं, त्यापेक्षा हे बरं."

"मला नाही सांगितलंस. आणि त्यांना सांगितलंस. ज्यांचं तोंड कधी बघितलं नाहीस त्यांना, जागा मिळावी म्हणून." तिनं मासळी बाजूला सारली. "तो फोन माझा होता, हेरिम. माझ्या फोनवर मिळालेली जागा मी परत केली."

हेरिम तोंड झाकून रडत होती. तेसोकनं आयुष्यभर गुन्हेगार शोधले होते. इथे शोध लागला होता, आणि त्याला कुणाकडेच बोट दाखवता येईना.

"नकोय मला ती जागा," हेरिम म्हणाली.

"गप्प बस. तो फोन तू दिलासच त्यांना. आता निदान रिकाम्या हातानं परत येऊ नकोस." ओक्सुन भावाकडे वळली. "तेसोक, काय लिहायचं ते सांग. सही मी करते."

त्यानं सांगितलं, तिनं लिहिलं. सही करून झाल्यावर तिनं लेकीकडे न बघता विचारलं, "तिसऱ्यांदा बराच वेळ वाजला होता का?"

"माहीत नाही, आई. तेवढं नाही कळत त्यात."

ओक्सुननं मान हलवली आणि परात पुन्हा पुढ्यात ओढली.

विद्यापीठानं जागा ठेवली. शिष्यवृत्तीही मिळाली. ऑगस्टमध्ये हेरिम निघाली तेव्हा ओक्सुन विमानतळावर आली नाही. दुकानात गर्दी आहे म्हणाली. गर्दी नव्हती. चार महिने मायलेकी एका घरात राहिल्या, जेवल्या, मीठ-मसाल्यापुरतं बोलल्या. भाचीच्या बॅगा तेसोकनं उचलल्या.

तपासणीच्या रांगेत हेरिमचा फोन वाजला. हातातली बॅग टाकून तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

"आई? काय झालं?"

शेजारी उभ्या तेसोकला पलीकडची तळणाची चरचर ऐकू आली. मग ताईचा आवाज.

"काही नाही. उचलतेस का, ते बघितलं."

फोन बंद झाला. हेरिम तो कानाला तसाच धरून उभी राहिली आणि मोठ्यानं रडायला लागली. मागची माणसं तिला पुढे सरकायला सांगत होती.