डब्याला न बसणारा तुकडा

माझं काम तसं निरुपद्रवी. गाडीतल्या एअरबॅगची पिशवी फुगवणारा धातूचा डबा फुटला, की त्याचे तुकडे आमच्याकडे येतात. मी ते फुटक्या बरणीसारखे जोडतो आणि दोष शोधतो. नाक खुपसायची खोड जन्मजात. मला तिचाच पगार मिळतो म्हणा ना.

त्या मंगळवारी सकाळी एका संगीतशिक्षिकेच्या गाडीतले तुकडे आले. धक्का किरकोळ, बंपरला नुसता पोचा. पण डबाच फुटला आणि त्याचा तुकडा बाईंच्या गळ्यात घुसला. बाई वाचल्या, आवाज मात्र गेला. गळ्यातून काढलेला तुकडा सर्जननी बाटलीत घालून पाठवला होता.

बाकीचा डबा मी तासाभरात जोडला. एकच तिकोनी भोक उरलं. बाटलीतला तुकडा मात्र गोलसर... उलटा लावला, सुलटा लावला. बसेना. मला भलतीच गंमत वाटली. सर्जनना फोन केला.

"गळ्यात आणखी काही होतं का हो?"

"नाही. दोनदा एक्स-रे काढला. हा एकच."

भिंग लावलं. तुकड्यावर नंबर होता. सदोष डब्यांच्या यादीत तो शोधला, तर गाडीमालकाचं नाव माझंच.

डबा बदलून घ्या, असं कंपनीचं पत्र चार महिने माझ्याच खणात पडून होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि ती गाडी रोज माझी लेक चालवते. मी तिला फोन लावला.

"ठके, कुठे आहेस?"

"गाडीत, बाबा. सिग्नलला."

"बाजूला घे. किल्ली काढ आणि उतर."

"अहो, पण..."

"उतर म्हणतो ना!"

गाडी ओढून आणली. बॅटरी काढून मी स्वतः स्टिअरिंग उघडलं. पिशवीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मागचा डबा शाबूत होता... फक्त एका बाजूला नखाएवढं गोलसर भोक. बाटलीतला तुकडा तिथे लावून पाहिला. चपखल बसला.

लेक मागे उभी होती. "वाचले म्हणायची मी," ती हसली. मग हनुवटीखाली बोट फिरवत म्हणाली, "बाबा... सकाळपासून इथे काहीतरी टोचतंय."

कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. पण दाबलं, तेव्हा आत काहीतरी टणक लागलं. त्याला कोपरा होता.

आज तिचा एक्स-रे काढला. हे काय, पाकीट माझ्या मांडीवरच आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू उघडत आलो, पण हे माझ्याच्याने उघडवत नाही. तुम्हीच बघा जरा. आणि हळू बोला... ती आत आहे, आणि सकाळपासून तिचा आवाज बसलाय.